गोत, राजीनामा आणि पंगत

'राजीनामा' हा शब्द आज आपण एकाच अर्थाने वापरतो. मंत्र्याने खुर्ची सोडली, कारकुनाने नोकरी सोडली, की राजीनामा. शिवकाळातल्या आणि पेशवाईतल्या निवाड्यांचे कागद वाचायला बसले की हाच शब्द वेगळ्या जागी भेटतो. तंटा पंचांपुढे गेला की निवाड्याला हात घालण्याआधी दोन्ही पक्षांकडून लिहून घेत: अमुक जागी, अमुक लोक बसून जे ठरवतील ते आम्हांस मान्य, त्यास आम्ही राजी. हा राजीनामा. अग्रवादी म्हणजे फिर्याद घेऊन आलेला, पश्चिमवादी म्हणजे ज्याच्यावर फिर्याद तो. दोघांचा राजीनामा आणि मागोमाग दोघांचे जामीन आल्याशिवाय कामाला सुरुवात होत नसे. म्हणजे भांडणाऱ्यांची पहिली सही निकालावर नसून, निकाल कोणी द्यायचा यावर असे.

मी इतिहासाचा पदवीधर नाही. मोडी शिकलो ती चाळिशीनंतर, नोकरी सांभाळून. पण पनवेलसारख्या ठिकाणी राहणाऱ्याला या कागदांचे वेड लागायला पदवीची गरज पडत नाही. इथल्या गावांत आजही भावकीचा तंटा आधी गावदेवीच्या देवळात जातो, मग पोलीस ठाण्यात. त्या बैठकीची रीत तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या कागदात दिसते, तेव्हा माणूस थोडा चमकतो.

निवाडा करणाऱ्या सभेला गोतसभा म्हणत. तिच्यात देशमुख-देशपांडे, पाटील-कुलकर्णी, शेटे-महाजन आणि बलुतेदार बसत. कागदाच्या माथ्यावर 'हाजिर मजलस' म्हणून हजर माणसांची यादी येई. मग दोघांच्या तकरिरी, म्हणजे आपापली बाजू. वतनाचा वाद असेल तर घराण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची हकीकत सांगणारा करीना. मग साक्षी, जुने कागद. शेवटी महजर, त्यावर सगळ्यांच्या निशाण्या. ज्याला लिहिता येत नाही त्याची निशाणी त्याच्या धंद्याची: पाटलाचा नांगर, शेट्याचा तराजू, न्हाव्याचा आरसा. शिवेचा वाद असेल तर महाराची साक्ष सर्वांत वजनदार, कारण शीव त्याच्या पायाखालची. कागदावर तो इतरांच्या बरोबरीने हजर आहे. पुढे पंगतीचा विषय येईल तेव्हा हे लक्षात ठेवावे.

हरलेल्या पक्षाकडून येजितखत घेत. आपला दावा खोटा ठरला, यापुढे या बाबतीत कथळा करणार नाही, असे त्याने स्वतःच लिहून द्यायचे. जिंकणाऱ्याने सरकारात हरकी भरायची, हरणाऱ्याने गुन्हेगारी. सरकार दोन्हीकडून पैसा घेई, ही गोष्ट गोतसभेचे गोडवे गाणारे सहसा सांगत नाहीत. गावची मंडळी एका बाजूला झुकलेली आहेत असे वाटले तर 'परस्थळ' मागता येई. मग तंटा दुसऱ्या गावाच्या किंवा परगण्याच्या गोतापुढे जाई. साक्षी-कागदांनी काहीच उलगडले नाही तर दिव्य. उकळत्या तेला-तुपातून धातूचा रवा काढायचा, हात बांधून मोहर करायची आणि ठरल्या दिवशी उघडून पाहायचा. वि. त्र्यं. गुणे यांच्या मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवरील १९५३ च्या इंग्रजी ग्रंथात ही सारी रीत तपशिलाने मांडलेली आहे. माझ्यासारख्या हौशी माणसाला तो ग्रंथ म्हणजे वाटाड्याच.

या सभेच्या हातात तलवार नव्हती. दिवाण पाठीशी असे, पण प्रत्येक निवाड्यामागे फौज पाठवणे कुठल्याच सरकारला परवडणारे नव्हते. मग लोक ऐकत का? याचे उत्तर शोधताना मला थेट आफ्रिकेतल्या एका जमातीची वाट सापडली.

नाईल नदीच्या वरच्या खोऱ्यात, आजच्या दक्षिण सुदानमध्ये, नुएर नावाचे गुरे पाळणारे लोक राहतात. इव्हान्स-प्रिचर्ड या ब्रिटिश मानवशास्त्रज्ञाने १९४० मध्ये त्यांच्यावर ग्रंथ लिहिला. नुएरांना राजा नाही, दरबार नाही. खून झाला की मारणारा बिबळ्याचे कातडे पांघरणाऱ्या एका पुरोहिताच्या घरी धाव घेतो. तो पुरोहित त्याच्या दंडावर चीर देऊन रक्त वाहू देतो. तोवर मारणाऱ्याने अन्नपाणी घ्यायचे नाही. त्या घरात असेपर्यंत त्याला कोणी हात लावत नाही. पुरोहित मग मेलेल्याच्या घरी जातो आणि गुरे घेऊन वैर मिटवा म्हणून गळ घालतो. चाळीस-पन्नास गुरांचा तो हिशोब असतो. मेलेल्याचे नातलग आधी ठाम नकार देतात, कारण लगेच हो म्हणणे म्हणजे आपल्या माणसाची किंमत कमी करणे. पुरोहित पुन्हा पुन्हा विनवतो, शाप देण्याची धमकीही देतो. शेवटी ते 'तुझ्या शब्दाखातर' म्हणून मान्य करतात. त्याच्याकडे सत्ता काहीच नाही. मान्य करणाऱ्याला मान खाली न घालता मान्य करता यावे, एवढी वाट तो मोकळी करून देतो.

तिथला आणखी एक नियम मला फार जवळचा वाटला. वैर मिटेपर्यंत दोन्ही घराण्यांनी एकमेकांच्या भांड्यात खायचे-प्यायचे नाही. खाल्ले तर मरण ओढवते, अशी श्रद्धा. त्यामुळे शेजारशेजारच्या गावांत वैर फार काळ ठेवणे अवघड जाते. लग्नकार्ये अडतात, पाहुणा दारातून परत जातो. दूरच्या टोळ्यांतले वैर मात्र पिढ्यान्‌पिढ्या तसेच राहते. सलोख्याची निकड जवळच्यांनाच अधिक, हे इव्हान्स-प्रिचर्डचे निरीक्षण आपल्या भावकीलाही लागू पडते.

आपल्याकडेही वैराची आणि सलोख्याची खूण अन्नच होती. गोताने ज्याला बाहेर टाकले त्याच्या घरचे पाणी बंद, आणि परत घेताना गोताला जेवण. 'गोतपत' झाली म्हणजे तो माणूस पुन्हा पंगतीला बसला. निवाड्याचा कागद कितीही पक्का असला तरी पानावर शेजारी बसेपर्यंत गाव तो मिटला असे धरत नसे.

या 'पाना'चे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मावळातले. कारीचे जेधे आणि हिरडस मावळचे बांदल ही दोन देशमुख घराणी. त्यांच्यात वतनावरून वैर होते आणि त्यात माणसेही पडली होती. जेध्यांचे उत्रवळीच्या खोपड्यांशीही जुने वाकडे. जेधे करीना आणि लोकमान्य टिळकांनी प्रसिद्धीस आणलेली जेधे शकावली, या दोन कागदांमुळे हे घराणे आपल्याला इतक्या जवळून दिसते. १६५९ मध्ये अफझलखान चालून आला तेव्हा मावळच्या देशमुखांना आदिलशाही फर्माने सुटली. कान्होजी जेधे मुलांना घेऊन शिवाजी महाराजांकडे गेले आणि वतनावर पाणी सोडले. खंडोजी खोपडे खानाला मिळाले.

प्रतापगडानंतर खंडोजीला पळण्याखेरीज मार्ग उरला नाही. पुढची हकीकत माझ्या मते या सगळ्या कागदांतली सर्वांत विलक्षण आहे. खंडोजीने हैबतराव सिळीमकरांच्या मार्फत जीवदानाची याचना केली आणि रदबदली करायला उभे राहिले ते कान्होजी जेधे, ज्यांच्या घराण्याशी त्याचे वैर होते ते. महाराजांनी कान्होजींच्या शब्दाखातर जीव घेतला नाही. मात्र पुढे खंडोजी समोर आला तेव्हा त्याचा उजवा हात आणि डावा पाय तोडवला. जीव वाचवण्याचा शब्द पाळला, आणि फितुरीची शिक्षाही दिली. कान्होजींना वाईट वाटले असणार. शब्द त्यांनी टाकला होता आणि शब्दाचा इतका अक्षरशः अर्थ लावला जाईल, हे कदाचित त्यांच्या मनात नव्हते. मध्यस्थाची जागा ही अशी असते. दोन्ही बाजूंनी त्याला थोडे कमीच मिळते.

दुसऱ्या वर्षी, जुलै १६६० मध्ये, पन्हाळ्याहून विशाळगडाकडे जाताना घोडखिंडीत बांदलांच्या फौजेने खिंड रोखून धरली. बाजीप्रभू देशपांडे याच फौजेचे. बांदलांची माणसे मोठ्या संख्येने पडली. दरबारात तलवारीच्या पहिल्या पानाचा मान जेध्यांचा होता. तो महाराजांनी बांदलांना दिला आणि जेध्यांनी तो सोडला, असे परंपरा सांगते. आजच्या वाचकाला एक विडा इकडचा तिकडे गेला असे वाटेल. त्या काळच्या देशमुखाला पानाचा क्रम म्हणजे घराण्याची जागा होती. त्यासाठी लोक पिढ्यान्‌पिढ्या कागद सांभाळत आणि डोकी फोडत. ज्यांच्याशी रक्ताचे वैर त्यांना ते पान सोडणे हा तहनामाच होता, कागदावर न लिहिलेला. तो जमला कारण दोघांच्या वर एक तिसरी निष्ठा उभी राहिली होती. नुसत्या गोतसभेने तो जमला असता, असे मला वाटत नाही.

राज्य बदलले. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ च्या अहवालात पेशव्यांच्या मुलखातली पंचायत टिकवावी असे सांगितले, पण १८२७ च्या कायदेसंहितेनंतर कज्जे कोर्टाकडे वळले. कोर्टात हरलेल्याला राजीनामा लिहून द्यावा लागत नव्हता, आणि अपील मोकळे होते. १८७० च्या दशकात पुण्याच्या सार्वजनिक सभेने लवाद कोर्टे काढून पाहिली. १८७९ च्या दख्खन शेतकरी कायद्यात सावकार-कुळांची तडजोड घडवणारे अधिकारी नेमायची तरतूद झाली. दोन्ही प्रयोग फार पुढे गेले नाहीत.

मग थेट १५ ऑगस्ट २००७. आर. आर. पाटील गृहमंत्री असताना महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. ग्रामसभेने समिती निवडायची, गावातले दिवाणी, महसुली आणि तडजोडीस पात्र असे फौजदारी तंटे नोंदवायचे, मिटवायचे, आणि गुण पडले की लोकसंख्येच्या प्रमाणात बक्षीस. कल्पना चांगली होती आणि अनेक गावांत बांधाचे, वाटेचे, भावकीचे वाद खरोखर मिटले. माझी शंका गुणांच्या तक्त्याविषयी आहे. गोतसभेत तंटा मिटला की नाही हे पंगतीत कळे. इथे ते नोंदवहीत कळायचे. पनवेलपुरता आणखी एक प्रश्न आहे. समिती ग्रामसभेची, आणि २०१६ मध्ये महापालिका झाली तेव्हा आसपासच्या गावांची ग्रामपंचायतच गेली. तंटे मात्र गेले नाहीत. सिडकोने जमिनी घेतल्या, १९८४ च्या जासईच्या आंदोलनातून साडेबारा टक्क्यांचे भूखंड पुढे आले, आणि भाऊ-बहीण, चुलता-पुतण्या यांच्यात वाटणीचे वाद उभे राहिले. शिवकाळात वतन होते, आमच्याकडे भूखंड आहे. करीना तोच.

आता पंगतीची दुसरी बाजू. जी गावकी भांडणे मिटवते, तीच माणसाला वाळीतही टाकते. आमचा रायगड जिल्हा या बाबतीत राज्यभर बदनाम झाला. निवडणुकीत वेगळा उमेदवार उभा केला, वर्गणी दिली नाही, गावकीचा निर्णय मानला नाही, म्हणून कुटुंबांशी बोलणे बंद, दुकानातला माल बंद, लग्नाला कोणी येईना, मयताला खांदा मिळेना. मुंबई राज्याने १९४९ मध्ये बहिष्काराविरुद्ध कायदा केला होता, तो १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवला. पुढे पन्नासहून अधिक वर्षे वाळीत पडलेल्याला नेमका असा आधार नव्हता. २०१६ मध्ये महाराष्ट्राने सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारा कायदा केला. तो ३ जुलै २०१७ पासून अमलात आला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड.

'पंचामुखी परमेश्वर' म्हणणाऱ्यांनी जुने महजर या नजरेने पुन्हा वाचावेत. शिवेच्या वादात ज्या महाराच्या साक्षीवर गावाची हद्द ठरली, त्याचे पान निवाड्यानंतरच्या जेवणात कुठे मांडले जाई? त्या पंगतीत तो नव्हता. त्याच्यापुरता तंटा मिटतच नव्हता, कारण तो तंटा आहे असे गोत मानत नव्हते. बायकांचेही तसेच. हुंड्याचा, नांदण्याचा, वाटणीचा वाद तिचा, आणि त्यावर बसलेली मजलस पुरुषांची.

नुएरांचा पुढचा इतिहासही सांगायला हवा. १९९१ नंतर दक्षिण सुदानच्या लढ्यात फूट पडली आणि नुएर-डिंका, पुढे नुएर-नुएर असाही रक्तपात झाला. शॅरन हचिन्सन या अभ्यासिकेने नोंदवले आहे की लष्करी नेते लोकांना सांगू लागले: सरकारच्या लढाईत बंदुकीने मारलेल्याचे पाप लागत नाही, त्याचे शुद्धीकरण नको, गुरे देणे नको. कातडे पांघरणाऱ्या पुरोहिताकडे जायचे कारणच संपले. १९९९ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये वुनलित या गावी चर्चच्या मंडळींच्या पुढाकाराने नुएर आणि डिंका यांची परिषद भरली. दोन्हीकडचे सरदार आणि स्त्रियाही आल्या. पांढरा बैल बळी दिला. कोणी कोणाची माणसे मारली, कोणाच्या बायका-मुले पळवली, हे दिवसचे दिवस उघड सांगितले गेले. या सांगण्यात मला आपला करीना दिसतो. फरक असा की तिथे जखमी माणूस बोलत होता, घराण्याचा कारकून नव्हे.

२०१६ च्या कायद्यात एक कलम आहे, त्याकडे फार कोणाचे लक्ष जात नाही. वाळीत टाकण्याचा गुन्हा तडजोडीने मिटवता येतो, पण त्याला बळी पडलेल्याची संमती हवी आणि न्यायालयाची परवानगी हवी. गावकीने बाहेर टाकलेल्या माणसाने 'राजी' म्हटल्याशिवाय गावकी मोकळी होत नाही. शिवकाळात असा राजीनामा वाळीत पडलेल्याकडून मागितल्याचा एकही कागद मला अजून मिळालेला नाही. कुणा वाचकाच्या घरच्या दप्तरात असेल तर पाहायला आवडेल.