घड्याळाच्या आधी फाटक असते

"मोटारशर्यतीत घड्याळ निकाल देते. घड्याळाला जात नसते, लिंग नसते. तिथे आरक्षण नाही, म्हणून फॉर्म्युला वनमध्ये बाई दिसत नाही." गुणवत्तेवर वाद सुरू झाला की हा दाखला आम्हाला हमखास ऐकवला जातो. दाखला देणाऱ्यांनी मोटारशर्यतीचा इतिहास वाचलेला नसतो. तो वाचला तर दिसते की बायकांना फाटकाबाहेर काढले गेले ते त्या हरल्या म्हणून नव्हे. बऱ्याचदा त्यांनी चांगली गाडी चालवून दाखवल्यानंतरच फाटक बंद झाले.

फ्रान्सच्या कामिय द्यु गास्त यांनी १९०१ मध्ये पॅरिस–बर्लिन शर्यत पूर्ण केली. शंभराहून अधिक गाड्यांत त्यांचा क्रमांक ३३वा होता. १९०३ च्या पॅरिस–माद्रिद शर्यतीत त्या जोरात पुढे होत्या. वाटेत एक स्पर्धक अपघातात जखमी होऊन पडलेला दिसला, तेव्हा त्यांनी गाडी थांबवून त्याला मदत केली आणि त्यात आपला क्रमांक गमावला. त्या शर्यतीत इतके अपघात झाले की सरकारने ती बोर्दो येथेच थांबवली. मरणाऱ्यांत मार्सेल रेनॉसारखा नामांकित चालक होता. पुरुषांना मोटार झेपत नाही, असे तेव्हा कोणी म्हटले नाही. पुढच्याच वर्षी शर्यतीतून बाद झाल्या त्या द्यु गास्त. कारण काय, तर बाईची जात घाबरट! घाबरट बाई अपघाताच्या जागी थांबते की पळून जाते, हे त्या ठरवणाऱ्यांनाच ठाऊक.

इंग्लंडची गोष्ट आणखी बोलकी आहे. डोरोथी लेव्हिट मोटार कंपनीत सेक्रेटरी होत्या. १९०६ मध्ये ब्लॅकपूल येथे त्यांनी ताशी सुमारे ९१ मैलांचा वेग गाठला. म्हणजे घड्याळाने आपला निकाल दिलेला होता. १९०७ मध्ये ब्रुकलँड्सचा ट्रॅक सुरू झाला, तेव्हा लेव्हिट यांना तिथे प्रवेश नाकारला गेला. हा ट्रॅक ह्यू लॉक किंग यांच्या जमिनीवरचा. पैसा कमी पडला तेव्हा त्यांच्या पत्नी एथेल यांनी काम तडीस नेले, आणि उद्घाटनाच्या ताफ्यात पहिली गाडीही त्यांनीच चालवली. ट्रॅक उभा करायला बाई चालते, शर्यतीला नाही!

१९०८ मध्ये बायकांसाठी एक शर्यत ठेवली. वेगळी पंगतच ती, बक्षीस बांगडीचे. म्युरिएल थॉम्प्सन जिंकल्या. शर्यत नीट पार पडली, आणि त्यानंतर बायकांना बरीच वर्षे पुन्हा ट्रॅकवर घेतले नाही. पहिल्या महायुद्धात मात्र याच थॉम्प्सन फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवत होत्या. बॉम्बहल्ल्यात जखमींना वाचवल्याबद्दल त्यांना मिलिटरी मेडल मिळाले. गरज पडली की 'घाबरट' बाईच्या हाती चाक देता येते तर!

चाक कोणाच्या हाती द्यायचे, हा प्रश्न आम्हाला नवा नाही. १९२९ मध्ये बाबासाहेब चाळीसगावला उतरले, तेव्हा अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला टांगेवाले तयार झाले नाहीत. वस्तीतल्या लोकांनी नुसता टांगा भाड्याने घेतला आणि त्यांच्यातलाच एकजण हाकायला बसला. त्याला सवय नव्हती. टांग्याला अपघात झाला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये त्यांनी स्वतः हे लिहिले आहे. त्या माणसाला टांगा जमला नाही यावरून त्याची जन्मजात पात्रता काढणारे लोक आजही आहेत. लगाम त्याच्या हाती कधी येऊ दिला होता का, हे ते विचारत नाहीत.

एक गोष्ट आमच्या बाजूच्यांनीही मान्य करावी. सुरुवातीच्या या बायकांपैकी बहुतेक पैसेवाल्या होत्या. 'पहिली महिला' म्हणून हार घालताना हे झाकले जाते. म्हणून आम्हाला इटलीच्या लेल्ला लोंबार्दी जवळच्या वाटतात. खाटकाची मुलगी, घरच्या दुकानाचे मांस पोचवायची गाडी हाकता हाकता ती शर्यतीत आली. इटलीत आपल्यासारखी जात नाही, हे आम्हाला कळते. पण गाडी, टायर, मेकॅनिक यांचा खर्च कोण करणार, हा प्रश्न तिथेही होताच. १९७५ च्या स्पॅनिश ग्रां प्रीमध्ये त्या सहाव्या आल्या. भीषण अपघातामुळे शर्यत अर्ध्यावर थांबली, म्हणून गुणही अर्धाच मिळाला. फॉर्म्युला वनच्या विश्वविजेतेपदाच्या स्पर्धेत बाईच्या नावावर आजवर तेवढाच अर्धा गुण आहे.

रॅलीत मिशेल मूतों यांनी १९८१ मध्ये सान रेमो जिंकली. १९८२ मध्ये आणखी तीन विजय मिळवून त्या चालकांत जगात दुसऱ्या आल्या. त्यांच्याकडे ऑडीच्या कारखान्याची उत्तम गाडी होती. तशी गाडी किती जणींना मिळाली, हे मोजल्याशिवाय 'बायका जिंकत का नाहीत' हा प्रश्न विचारणे लबाडीचे आहे.

२०१९ मध्ये फक्त महिलांसाठी डब्ल्यू सिरीज निघाली. चालकाने पैसे आणायची अट नव्हती. लगेच ओरड झाली की ही वेगळी चूल आहे. आम्हालाही १९०८ ची बांगडी आठवली. पण वेगळी पायरी वाईट की चांगली, हे वरची पायरी तिला जोडलेली आहे का यावर ठरते. जेमी चॅडविक यांनी या मालिकेची तिन्ही विजेतेपदे जिंकली. २०२२ मध्ये पैशाअभावी मालिकाच हंगाम अर्धवट टाकून बंद पडली. फॉर्म्युला वनच्या ग्रिडवर त्यांना जागा मिळाली नाही. त्या अमेरिकेत गेल्या, पुरुषांबरोबर इंडी एनएक्सटी मालिकेत उतरल्या, आणि २०२४ मध्ये रोड अमेरिका ट्रॅकवरची शर्यत जिंकल्या.