ओझे आसाजवळ

सोनगीर म्हटले की मुंबई-आग्रा रस्त्यावरचा किल्ला आणि तांब्या-पितळेची भांडी आठवतात. म्हणून ट्रॅक्टरमागे मालाची लोखंडी चौकट बसवणाऱ्या कारागिरीचे मूळ तांबटांच्या हातोड्यात शोधण्याचा मोह होतो. तो टाळावा. तांबट पत्रा ठोकून पोकळ आकार घडवतो. इथे प्रश्न भार तोलण्याचा आहे, आणि तो खानदेशात आधी सोडवला बैलगाडी बांधणाऱ्या सुतार-लोहारांनी. ओझे मागे सरकले तर गाडी उलाळ होते, पुढे आले तर धुरजड होऊन बैलांच्या मानेवर बसते, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

हॅरी फर्ग्युसनची तीन सांध्यांची जोडणी १९३९च्या फोर्ड-फर्ग्युसन ट्रॅक्टरबरोबर मोठ्या प्रमाणावर शेतात उतरली, ती नांगरासाठी. नांगराची ओढ मागच्या चाकांवर दाब वाढवते, म्हणून हलका ट्रॅक्टरही जमीन धरतो. याच जोडणीवर बसवलेल्या चौकटीवरचे ओझे मात्र नुसते लटकते. मागच्या आसापासून दीड मीटरवरचे ३०० किलो दोन मीटरवर नेले, की पुढची चाके उचलणारा जोर एक तृतीयांशाने वाढतो. यावर कोणी म्हणेल, जाड चॅनेल लावा, कोपऱ्यांत तिकोनी पट्ट्या वेल्ड करा. त्याने चौकट वाकणार नाही, हे खरेच. पण जाड लोखंडाचे वजनही त्याच मागच्या टोकाला लटकते. पुढे वजने बांधल्याने तोल सावरतो, तरी मागच्या आसावरचा भार फारसा कमी होत नाही. त्यामुळे मजबुतीआधी लांबी कापावी, हा गाडीवाल्यांचा हिशेब इथे अधिक शहाणा ठरतो.