विष खाणारी अळंबी

आमच्या लहानपणी हिवतापाचे फवारणीवाले गावात यायचे. भिंतींवर डीडीटी मारायचे, दाराशी तारीख लिहून जायचे. तेच डीडीटी शेतकऱ्यांनी पिकांवरही मारलं. शेतीत त्याच्यावर १९८९ साली बंदी आली. पण बंदी कागदावर येते. मातीत मुरलेलं औषध वर्षानुवर्षं तिथंच बसून राहतं.

त्याला खाणारंही कुणी आहे, हे अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी १९८५ साली दाखवलं. लाकूड पांढरं पाडून कुजवणारी एक बुरशी प्रयोगशाळेत डीडीटी आणि लिंडेन फोडू लागली. लाकडाला कडकपणा देणारं लिग्निन पचवायला ती जो रस सोडते, त्यात ही औषधंही विरघळून तुटतात. आपली धिंगरी अळंबी त्याच जातकुळीची. भाताच्या काडावर, सोयाबीनच्या कुटारावर ती वाढते ती याच रसाच्या जोरावर.

आमच्या गावात बचत गटाच्या बायकांनी धिंगरी घेतली, तेव्हा एकीनं विचारलं, "भाऊ, ही विष खाते म्हणता, मग औषध मारलेलं कुटार घातलं तर दोन्ही कामं होतील की!" प्रश्न रास्त होता. पण सगळं विष फुटतंच असं नाही. शिसं, कॅडमियम हे धातू तर कुठलीच बुरशी फोडू शकत नाही. ती ते शोषून छत्रीत साठवते. जमीन साफ करणाऱ्या अळंबीला मजूर समजावं, तिला ताटात घेऊ नये. खायच्या अळंबीला काड स्वच्छच हवं.

दुसरा धोका छातीचा. छत्री पिकली की खालून बीजाणूंची बारीक धूळ सुटते, बंद खोलीत ती श्वासाबरोबर आत जाते. पेनसिल्व्हेनियातल्या अळंबी कामगारांचा असा छातीचा आजार १९५९ सालीच वैद्यकीय नियतकालिकात नोंदला गेला. तिथं खताची धूळ कारण होती. आमच्या गटातल्या एका वहिनीला रोज संध्याकाळी कणकण आणि खोकला. क्षयाची तपासणी दोनदा झाली, काही निघालं नाही. चार दिवस माहेरी गेली की मात्र खोकला थांबायचा. मग खोलीला झरोके पाडले, छत्रीचे काठ वर वळायच्या आत तोडणी सुरू केली, तोंडाला मास्क आला. वहिनी आता काड भिजवते, पिशव्या भरते; तोडणीच्या खोलीत पाय ठेवत नाही.