बाळाची वाटी कशाची?

२२ जुलै २०२१ रोजी महाड शहर सावित्रीच्या पुरात बुडाले. त्याच पावसात महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून ८० हून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही दरडी कोसळल्या. पाणी ओसरल्यावर कितीतरी घरांना संसार पहिल्या भांड्यापासून मांडावा लागला. अशा वेळी हातात पैसा थोडा असतो आणि प्रत्येक वस्तू निवडून घ्यावी लागते. घरात वर्षाचे मूल असेल तर त्याच्यासाठी काय घ्यावे? वाटी पितळेची, स्टीलची की प्लॅस्टिकची? बसायला रंगीत खुर्ची की साधा पाट?

प्रश्न घरगुती वाटतो. पण त्यामागे विज्ञानाचा मोठा इतिहास आहे. त्यातले सर्वांत महत्त्वाचे प्रकरण महाडहून वरंधा घाट चढून गेल्यावर, पुण्यात घडले. ते समजून घेतले की आजच्या बाजारातली निवडही सोपी होते.

भांड्याची पत

भांडे हे केवळ अन्न ठेवण्याचे साधन कधीच नव्हते. ते घराची पत सांगत असे. तांब्यापितळेची भांडी म्हणजे घरातली संपत्ती. लेकीला लग्नात द्यायची, अडीनडीला गहाण ठेवायची. ज्यांच्याकडे ती नव्हती ते मातीच्या आणि पुढे ‘जर्मन’च्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या भांड्यांत रांधत.

ही पत नुसती पैशाची नव्हती, जातीचीही होती. चांडाळांनी फुटक्या भांड्यांत जेवावे, असे मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात सांगितले आहे. त्याच मनुस्मृतीचे दहन २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला झाले. त्यानंतरही, १९३५ मध्ये, गुजरातेतील झानू गावात सुस्थितीतल्या अस्पृश्य कुटुंबांतील बायकांना धातूच्या भांड्यांतून पाणी आणल्याबद्दल मारहाण झाली. डॉ. आंबेडकरांनी ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’ या १९३६ च्या भाषणात या घटनेचा उल्लेख केला आहे. चांगले भांडे हा मानाचा भाग होता आणि पितळ हे चांगले भांडे मानले जाई. पुढची हकिकत वाचताना ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी.

जिभेला कळणारे तांबे

पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. त्यात चिंच, आमसूल किंवा ताक ठेवले की आम्लामुळे तांबे विरघळू लागते, पदार्थाला हिरवट रंग येतो आणि तो जिभेला तुरट, उग्र लागतो. आपण म्हणतो, ‘आमटी कळकली’. या एका क्रियापदात पिढ्यान्‌पिढ्यांचे निरीक्षण साठलेले आहे.

त्यावरचा उपायही जुना आहे. कल्हईवाला भांडे भट्टीवर तापवतो, त्यात नवसागर टाकतो, वर कथलाचा तुकडा फिरवतो आणि कापसाच्या बोळ्याने ते कथील सगळीकडे पसरवतो. नवसागर पृष्ठभागावरचे ऑक्साइड काढून टाकतो. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे साध्या भट्टीवर काम भागते. तयार होणारा पातळ थर तांब्याला अन्नापासून दूर ठेवतो. पण हा थर घासून झिजतो आणि कल्हई वेळोवेळी पुन्हा करावी लागते. शिवाय कथलात शिशाची भेसळ असेल, तर एक विष टाळताना दुसरे घरात येते.

तरीही या ज्ञानात एक फट राहिली होती. ते आंबट पदार्थांपुरते होते. दूध आंबट नाही, मग ते पितळेत तापवायला हरकत कोणती?

कलकत्ता ते पुणे

१८८७ मध्ये कलकत्त्याचे डॉ. सेन यांनी लहान मुलांच्या यकृताच्या एका आजाराचे वर्णन केले. सहा महिने ते तीन वर्षे वयाचे मूल चिडचिडे होई, त्याचे पोट वाढे, यकृत हाताला टणक लागे, पुढे कावीळ होई. निदान झाल्यावर बहुतेक मुले काही महिन्यांतच दगावत. एका घरात दोन-दोन, तीन-तीन भावंडे जात. पुढे या आजाराला ‘इंडियन चाइल्डहूड सिऱ्हॉसिस’ हे नाव पडले. तो ग्रामीण भागातल्या मध्यम स्थितीच्या हिंदू कुटुंबांत अधिक दिसे, अगदी गरीब घरांत कमी. उपासमारीने होणारे आजार याच्या नेमके उलट वागतात. म्हणून हे कोडे जवळजवळ शतकभर सुटले नाही.

१९७८ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयातील पोर्टमन, टॅनर आणि सहकाऱ्यांना अशा मुलांच्या यकृतात ऑर्सीन नावाच्या रंगाने रंगणारे कण दिसले. हे कण तांबे साठल्याची खूण होते. पुढच्याच वर्षी प्रत्यक्ष मोजमाप झाले. निरोगी यकृताच्या एक ग्रॅम कोरड्या वजनात तांबे साधारण ५० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असते. या मुलांत ते अनेक शेकडा, काहींत हजारो मायक्रोग्रॅम भरले. पण हे तांबे येत होते कोठून?

उत्तर शोधण्यासाठी पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी स्टुअर्ट टॅनर यांच्याबरोबर काम केले. प्रयोगशाळेइतकेच महत्त्वाचे काम आयांना प्रश्न विचारण्याचे होते. बाळाला वरचे दूध कधी सुरू केले? कोणत्या भांड्यात तापवले? किती वेळ ठेवले? आजारी मुलांच्या आयांची उत्तरे आणि तशाच वयाच्या इतर मुलांच्या आयांची उत्तरे शेजारी ठेवली गेली. १९८३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आणि १९८७ मध्ये अधिक तपशिलाने त्यांनी निष्कर्ष मांडला. आजारी मुलांना गाई-म्हशीचे दूध लवकर सुरू झाले होते आणि ते पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यांत तापवण्याचे, ठेवण्याचे प्रमाण त्यांच्या घरी जास्त होते.

दूधच का?

पितळेच्या कळशीतल्या पाण्यात तांबे थोडेच उतरते. दुधात मात्र केसीन नावाचे प्रथिन असते आणि ते तांबे ओढून स्वतःशी बांधून घेते. ओनील आणि टॅनर यांनी १९८९ मध्ये हे प्रयोगाने दाखवले. पाण्यासाठी चाललेले भांडे दुधासाठी चालेलच असे नाही, ते यामुळे. आमटी कळकली की घरात सर्वांना कळे. दुधाबद्दल तशी काही समजूत रूढ नव्हती.

आता बाळाच्या बाजूने पाहू. शरीरातले जादा तांबे यकृत पित्तावाटे बाहेर टाकते. तान्ह्या मुलात ही व्यवस्था पुरती तयार झालेली नसते आणि त्याचा सगळा आहारच दूध असतो. आईच्या दुधात तांबे अगदी थोडे असते. मोठी माणसे तेच दूध पिऊन धडधाकट राहत; बाळ आजारी पडे. भांडे एकच, परिणाम वेगळा.

हा आजार केवळ ‘इंडियन’ नव्हता, हेही पुढे सिद्ध झाले. ऑस्ट्रियातील टायरोल भागात १९०० ते १९७४ या काळात १३८ तान्ही मुले अशाच आजाराने गेल्याची नोंद १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. तेथेही गाईचे दूध कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यांत तापवले जाई. मुलांच्या वंशावळी पाहता आनुवंशिकतेचाही वाटा दिसला. म्हणजे पितळेतले दूध पिणारे प्रत्येक मूल आजारी पडत नसे. पण भांडी बदलल्यावर तेथला आजार संपला.

बोहारणीने आणलेला बदल

आपल्याकडे काय झाले? डॉक्टरांनी सल्ला दिलाच. १९९२ मध्ये पुणे आणि चंदीगडच्या डॉक्टरांनी मिळून प्रतिबंधावर निबंधही लिहिला. पण त्याच सुमारास स्वयंपाकघरे आपणहून बदलत होती. इंग्लंडमधील शेफील्ड शहरात हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ मध्ये न गंजणारे पोलाद बनवले होते. भारतात सालेमचा स्टेनलेस स्टील कारखाना १९८१ मध्ये सुरू झाला. मुंबईच्या गिरण्यांत आणि गोदीत राबणाऱ्या कोकणी चाकरमान्यांच्या पैशाने, पितळेची मोड देऊन, जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बोहारणीच्या टोपलीतून स्टील घरोघर पोचले. घासायला सोपे आणि कल्हई नको, एवढे कारण बायकांना पुरेसे होते. बाळाचे यकृत वाचेल असा विचार करून क्वचितच कोणी स्टील घेतले असेल. तरीही १९९० नंतर हा आजार झपाट्याने कमी झाला आणि आता तो क्वचितच दिसतो.

इथे वर्गात एक प्रश्न जरूर विचारावा. स्टील आले आणि आजार गेला, एवढ्यावरून स्टीलमुळे गेला हे सिद्ध होते का? एवढ्यावरून नाही. पण यकृतातले मोजमाप, आयांची उत्तरे, केसीनचा प्रयोग आणि टायरोलची नोंद असे चार वेगळे पुरावे एकाच दिशेला बोट दाखवतात, तेव्हा विश्वास वाढतो.

आजची निवड

हाच धडा नव्या वस्तूंनाही लागू आहे. ‘जुने ते सोने’ हेही खरे नाही आणि ‘नवे ते विष’ हेही नाही. कोणता पदार्थ, किती गरम, किती वेळ आणि कोणाच्या पोटात, हे चार प्रश्न विचारावेत.

पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिकच्या दूधबाटलीतून, विशेषतः गरम दुधात, बिस्फेनॉल-ए हे रसायन उतरते. भारतीय मानक ब्युरोने २०१५ मध्ये दूधबाटल्यांसाठी या प्लॅस्टिकला मनाई केली. पण बाटलीचा त्याहून मोठा धोका जुना आहे: ती आणि तिचे बूच नीट धुता येत नाही, त्यामुळे जुलाब होतात. म्हणूनच १९९२ च्या कायद्याने दूधबाटल्यांच्या जाहिरातीवर बंदी आणली. आपले जुने बोंडले उघडे असते, हात घालून घासता येते. स्टीलची वाटी आणि चमचा तर सर्वांत सोपा. आठवडी बाजारातल्या चित्रांच्या मेलामाइन ताटल्या कोरड्या खाऊला ठीक. गरम आणि आंबट पदार्थ त्यांत वाढू नयेत.

बसण्याच्या वस्तूंचेही तसेच. घरगुती रंगात शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावे, असा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधी रंगवलेला पाळणा किंवा खुर्ची पोपडे धरत असेल, तर मूल ते पोपडे तोंडात घालू शकते. रंग न दिलेला लाकडी पाट स्वस्त आहे आणि त्यात ही भीती नाही. पितळेची जुनी भांडी टाकून देण्याचेही कारण नाही. त्यांत पाणी भरावे. दूध आणि आंबट पदार्थ मात्र ठेवू नयेत. सध्या तांब्याच्या भांड्यांची आवड पुन्हा वाढते आहे, तेव्हा हा भेद सांगण्याचे काम शाळेने करावे.

वर्गात एक प्रयोग सहज करता येईल. तांब्याच्या तारेचे तुकडे लिंबाचा रस आणि मीठ यांत काही तास ठेवा. मग त्यात घासून स्वच्छ केलेला लोखंडी खिळा बुडवा. खिळ्यावर तांबूस थर चढतो. रसात उतरलेले तांबे असे डोळ्यांना दिसते. (रस चाखू नये, ओतून द्यावा.) त्यानंतर विद्यार्थ्यांना घरी आजीला विचारायला सांगा: आमच्या घरी दूध कशात तापत असे, स्टील केव्हा आले, पितळ कोठे गेले? उत्तरांचा तक्ता फळ्यावर मांडा. महाड-पोलादपूरच्या एकेका वाडीतले असे तक्ते जमले, तर घराघरांतला हा न लिहिलेला इतिहास पहिल्यांदाच कागदावर येईल.