कोरलईचें चर्च आणि ‘नौ लिंग’

अलिबागेच्या दक्षिणेस, कुंडलिकेच्या मुखापाशीं, कोरलई हें लहानसें गांव आहे. १७४० सालीं चौल मराठ्यांच्या हातीं आलें, तेव्हां पोर्तुगीज सत्ताधारी निघून गेले; मागें राहिलेल्या गरीब ख्रिस्ती कुटुंबांनीं खाडी ओलांडून येथें वस्ती केली. कार्मेल मातेचें चर्च हा त्यांचा आधार झाला. राज्य गेलें, तरी पाद्र्यांच्या पोर्तुगीज प्रार्थना सुमारें १९६० पर्यंत चालल्या. त्यांच्या सोबतीनें येथील पोर्तुगीज-मराठी मिश्र बोलीहि टिकली. तिला हे लोक ‘नौ लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’, म्हणतात. पुढें उपासना मराठींत आली. आम्हांस याचा आनंदच वाटतो. परंतु त्यायोगें त्या बोलीचा जुना आश्रय सुटला, हें विसरतां येत नाहीं. आतां घरांतील मुलांनींहि ती सोडली, तर तिला दुसरें गांव नाहीं.