उतरलेले वजन टिकले, तरच रक्तदाब आटोक्यात

मलकापूर (ता. कराड) : रक्तदाब वाढल्याचे निदान झाले, की डॉक्टरांच्या पहिल्या सूचनांमध्ये 'वजन कमी करा' ही हमखास असते. मग पहाटे आगाशिवच्या डोंगराच्या दिशेने फिरणे सुरू होते, ताटातला भात आणि चहातली साखर कमी होते. चार-सहा महिन्यांत काटा पाच-सहा किलोंनी खाली येतो आणि त्याबरोबर रक्तदाबही उतरतो. खरी कसोटी लागते ती त्यानंतर. पुढच्या वर्ष-दोन वर्षांत वजन हळूहळू परत चढते. दरम्यान 'आता बरे वाटते' म्हणून गोळी बंद केलेली असेल, तर रक्तदाब कसलीही चाहूल न देता पूर्वपदावर जातो. वजन घटविणे आणि घटलेले वजन टिकविणे ही दोन स्वतंत्र कामे आहेत, हे रुग्णाला क्वचितच सांगितले जाते.

वजन आणि रक्तदाबाचे नाते

शरीराचा भार वाढला, की हृदयाला अधिक रक्त पुढे ढकलावे लागते. मूत्रपिंडे मीठ आणि पाणी अधिक प्रमाणात धरून ठेवतात. पोटाभोवतीची चरबी यात विशेष घातक मानली जाते. अनेक चाचण्यांच्या २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एकत्रित विश्लेषणानुसार वजन एक किलोने घटले, की रक्तदाबाचा वरचा आकडा सरासरी सुमारे एक मिलिमीटरने उतरतो. भारतीयांच्या शरीरात चरबीचे प्रमाण तुलनेने अधिक असल्याने येथे बीएमआय २३ च्या पुढे गेला, की वजन जास्त समजले जाते. कमरेचा घेर पुरुषांमध्ये ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांमध्ये ८० सेंटिमीटरच्या आत असावा, असा निकष आहे.

मात्र हा लाभ वजन टिकेपर्यंतच असतो. रक्तदाब किंचित वाढलेल्या स्थूल व्यक्तींवर अमेरिकेत १९९० च्या दशकात तीन वर्षांची मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. वजन घटविण्याचे मार्गदर्शन मिळालेल्या गटाचे वजन सहा महिन्यांत सरासरी ४.४ किलोंनी उतरले. दीड वर्षाने त्यातील २ किलोंची घट शिल्लक होती आणि तीन वर्षांनी जेमतेम ०.२ किलोची. साडेचार किलोंची घट अखेरपर्यंत टिकविणारे शंभरात अवघे तेरा निघाले. या तेरांमध्ये उच्च रक्तदाब जडण्याचा धोका, मार्गदर्शन न मिळालेल्यांच्या तुलनेत, ६५ टक्क्यांनी कमी आढळला. वजन घटवून पुन्हा वाढविलेल्यांचा लाभ मात्र विरून गेला होता.

दोष केवळ इच्छाशक्तीचा नव्हे

वजन परत वाढले, की रुग्णाला आळशी ठरविले जाते. घरची माणसे तर यात आघाडीवर असतात. वस्तुतः शरीरच घटलेल्या वजनाविरुद्ध उभे राहते. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ५० जणांना दहा आठवडे अत्यल्प आहार देण्यात आला होता. त्यांचे वजन सरासरी साडेतेरा किलोंनी उतरले. वर्ष लोटल्यानंतरही भूक वाढविणाऱ्या संप्रेरकाची पातळी चढीच होती आणि भूकही पूर्वीपेक्षा अधिक लागत होती. शिवाय हलक्या झालेल्या शरीराला ऊर्जा कमी लागते. त्यामुळे जुन्या आहाराकडे परतणारा माणूस पूर्वीइतकेच खात असला, तरी गरजेपेक्षा जास्त खात असतो.

टिकविणाऱ्यांच्या सवयी

वजन टिकविलेल्यांची नोंद ठेवण्यासाठी अमेरिकेत १९९४ मध्ये एक नोंदवही सुरू झाली. किमान १३.६ किलो वजन घटवून ते वर्षभर टिकविलेल्यांनाच तीत प्रवेश मिळतो. त्यांचे आहार वेगवेगळे, पण काही सवयी समान आहेत. बहुतेकजण रोज सुमारे तासभर व्यायाम करतात, त्यातही चालणे अधिक. न्याहारी टाळत नाहीत आणि आठवड्यातून एकदा तरी वजन करतात.

वजनकाट्याचे महत्त्व मलकापूरकरांना वेगळे सांगायला नको. घरोघरी मीटर बसवून चोवीस तास पाणी देणारी योजना या गावाने राबविली आणि मोजले जाते म्हटल्यावर पाणी जपून वापरले जाते, हे अनुभवले. शरीराचेही तसेच आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सहभागींना रोज वजन करण्यास शिकवून मर्यादा आखून दिली होती. सुमारे दीड किलोपर्यंतची वाढ चालेल, त्यापुढे आहार-व्यायामात दुरुस्ती आणि सव्वादोन किलोंच्या पुढे गेल्यास वजन घटविण्याचा कार्यक्रम नव्याने सुरू. दोन किलो उतरविणे आठ किलोंपेक्षा सोपे, इतका साधा हिशेब त्यामागे आहे. आपल्याकडे यात्रा-जत्रा, लग्नसराई आणि दिवाळी उरकली, की काट्यावर उभे राहण्याची सवय लावून घेणे इष्ट.

दुसरी गोष्ट म्हणजे कोणाची तरी नियमित विचारपूस. उच्च रक्तदाब किंवा रक्तातील चरबीचा विकार असलेल्या १,०३२ जणांवरील अमेरिकी चाचणीचे निष्कर्ष २००८ मध्ये जाहीर झाले. सर्वांनी आधी सरासरी साडेआठ किलो वजन घटविले होते. अडीच वर्षांत स्वतःच्या भरवशावर सोडलेल्यांचे वजन साडेपाच किलोंनी, तर दरमहा थोडा वेळ मार्गदर्शकाशी बोलणाऱ्यांचे चार किलोंनी परत वाढले. फरक दीड किलोचा, म्हणजे फार मोठा नाही. परंतु दहा-पंधरा मिनिटांच्या संभाषणाने तो साधला.

सातारा जिल्ह्यात ही सोय करणे अवघड नाही. २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातील पहिल्या जिल्ह्यांमध्ये साताऱ्याचा समावेश होता. त्यातून सरकारी आरोग्य केंद्रांत रक्तदाब तपासून औषधे मोफत देण्याची घडी बसली. औषधाच्या फेरीतच वजन करून ते कार्डावर टिपून घेतल्यास वेगळा खर्च येत नाही.

ताटात काय?

ज्वारीची भाकरी, पालेभाजी, उसळ, ताक हा या भागातला जुना आहार दीर्घकाळ निभावण्याजोगा आहे. अडचण आहे ती सोबतच्या लोणचे, पापड, खर्डा यांतील मिठाची. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या चमच्याहून कमी मीठ सुचविले आहे. गूळ साखरेपेक्षा बरा, हा ऊसपट्ट्यातला समज वजनाच्या बाबतीत टिकत नाही. दोन्हींतील उष्मांक जवळपास सारखेच. शेंगदाण्याची चटणी पौष्टिक खरी, पण ती चमच्यानेच घ्यावी. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी प्रसारित केलेली दोनच वेळा जेवण्याची पद्धत राज्यात अनेकांनी स्वीकारली. मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाच्या वेळा बदलू नयेत. वजन घटविणारी नवी इंजेक्शने २०२५ पासून भारतात अधिकृतपणे मिळू लागली आहेत. ती थांबविल्यावर घटलेल्या वजनाचा मोठा भाग परत येतो, हे चाचण्यांत दिसले आहे.

गोळी कोणी थांबवावी?

वजन उतरल्यावर काहींना पूर्वीचा डोस जास्त होऊ लागतो. उठताना चक्कर येणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे ही त्याची लक्षणे असू शकतात. अशा वेळी डोस कमी करण्याचा निर्णय डॉक्टरांनीच घ्यावयाचा असतो. घरी यंत्र असल्यास पाच मिनिटे शांत बसून, पाठ टेकवून, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवून, सकाळ-संध्याकाळ आठवडाभर नोंदी घ्याव्यात आणि त्या डॉक्टरांना दाखवाव्यात. घरच्या मोजणीत सरासरी १३५/८५ किंवा त्याहून अधिक आल्यास रक्तदाब वाढलेला समजतात. आकडा १८०/१२० च्या वर जाऊन छातीत दुखणे, धाप लागणे, बोलण्यात अडखळणे किंवा एका बाजूची शक्ती जाणे यांपैकी काहीही आढळल्यास विलंब न करता रुग्णालय गाठावे.