पाऊण तासाचा खटला

मी कवी माणूस. कायद्याशी माझा संबंध शब्दांपुरताच. वकील, कैद, जामीन, हजर हे सगळे शब्द अरबी-फारसीतून आपल्याकडे आले आणि मराठी होऊन राहिले. हेबियस कॉर्पस मात्र लॅटिनचं लॅटिनच राहिलं. अर्थ तसा साधा : कैद्याला न्यायाधीशापुढे हजर करा आणि त्याला का डांबलंत ते सांगा. मृत्युदंड झालेल्या माणसांच्या कामी हे दोन शब्द कसे आले, ते अमेरिकेतल्या एका प्रकरणावरून सांगतो.

आर्कान्सा राज्यातल्या फिलिप्स काउंटीत वाट्याने शेती करणारे काळे शेतकरी ३० सप्टेंबर १९१९ च्या रात्री एका चर्चमध्ये जमले होते. कापसाला रास्त भाव द्या, हिशेब दाखवा, एवढंच त्यांचं मागणं. (आपल्या विदर्भात हे समजावून सांगायला नको.) बाहेर गोळीबार झाला, एक गोरा मेला. मग हत्यारबंद टोळ्या आणि पाठोपाठ लष्कर त्या भागात घुसलं. एकूण पाच गोरे मेले. काळे किती मेले, यावर आजही एकमत नाही. शेकड्यांनी, असं मानणारे अभ्यासक आहेत. खुनाचे खटले मात्र फक्त काळ्यांवर झाले आणि बारा जणांना मृत्युदंड.

त्यांतल्या फ्रँक मूर आणि त्याच्या साथीदारांचा खटला पाऊण तासात आटोपला. ज्यूरी सगळी गोरी; निकालाला तिला पाच मिनिटंही लागली नाहीत. कोर्टाने दिलेल्या वकिलाने बचावाचा एकही साक्षीदार उभा केला नाही. साक्षी चाबकाने मारून वदवल्या होत्या, हे पुढे त्या मारहाणीत सामील असलेल्या दोन गोऱ्यांनीच शपथेवर सांगितलं.

आपल्याकडे सत्र न्यायालयाची फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. न्यायालयांची उतरंड एकच. अमेरिकेत प्रत्येक राज्याची न्यायालयं वेगळी, संघराज्याची वेगळी. यादवी युद्धानंतर १८६७ च्या कायद्याने संघीय न्यायाधीशांना राज्याच्या कैद्याविषयीही जाब विचारता येऊ लागला. पण कितपत खोल विचारायचं? १९१५ साली जॉर्जियातल्या लिओ फ्रँक या ज्यू कारखाना-व्यवस्थापकाचा अर्ज अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाने प्रकरण पाहिलंय, तेवढं पुरे, असा बहुमताचा सूर. राज्यपालांनी त्याची शिक्षा जन्मठेपेवर आणली, तेव्हा जमावाने त्याला तुरुंगातून पळवून झाडाला लटकवलं.

तेव्हा विरोधी मत देणारे न्यायमूर्ती होम्स यांनीच १९ फेब्रुवारी १९२३ रोजी मूर प्रकरणाचा निकाल लिहिला. दोघे विरोधात होते. होम्स यांचं म्हणणं असं, की खटला हा नुसता मुखवटा असेल, वकील, ज्यूरी, न्यायाधीश सगळेच जमावाच्या दडपणाखाली वाहून गेले असतील, तर संघीय न्यायाधीशाने कागद पाहून थांबायचं नाही. खरं काय घडलं ते स्वतः तपासायचं. या निकालाने लगेच कुणी सुटलं नाही. पण मूरसह सहा जणांची शिक्षा त्याच वर्षी बारा वर्षांवर आली आणि जानेवारी १९२५ मध्ये ते बाहेर पडले. उरलेले सहा राज्याच्याच न्यायालयातून १९२३ मध्ये सुटले होते. या सगळ्यांसाठी वर्षानुवर्षं झिजला तो लिटल रॉकचा काळा वकील सिपियो आफ्रिकॅनस जोन्स. सर्वोच्च न्यायालयात युक्तिवाद मात्र दुसऱ्याने केला.

पुढे हे दार रुंद झालं आणि पुन्हा अरुंदही. १९९६ च्या कायद्याने अशा अर्जाला साधारण एक वर्षाची मुदत घातली. त्याआधी, १९९१ साली, व्हर्जिनियातला मृत्युदंडाचा कैदी रॉजर कोलमन सर्वोच्च न्यायालयात हरला. १९९२ मध्ये त्याला देहदंड दिला गेला आणि २००६ च्या डीएनए चाचणीने तोच गुन्हेगार असल्याचं दाखवलं. त्याची वकिली मला करायची नाही. पण न्यायालयाने त्याच्या तक्रारी ऐकल्या नाहीत त्या तो गुन्हेगार ठरला म्हणून नव्हे. राज्याच्या न्यायालयात अपिलाचा कागद त्याच्या वकिलांनी तीन दिवस उशिरा दिला होता, म्हणून.